शेवट कुणाला सांगू नका

पोस्टरवर लाल अक्षरांत एवढंच लिहिलेलं,
आणि त्याखाली कुणाची तरी पानाची पिंक, त्याच रंगाची.
भांडुपच्या आमच्या टॉकीजला सहा आठवडे चालला पिक्चर.
सहा आठवडे मी तो पाहिला नाही,
ऐकला.
माझ्या कढईमागे जी भिंत आहे
तिच्या पलीकडे पडदा.

पाऊण तास झाला की जिना चढणारी पावलं.
मग एक दार करकरायचं.
मग बराच वेळ काहीच नाही,
पहिल्या दिवशी मला वाटलं लाईट गेली.
मग बाईचा आवाज, "कोण आहे?"
आणि मध्यंतर,
आणि माझ्या काउंटरवर दीडशे माणसं
तोंडात गरम वडा फिरवत खुनी ठरवणार.

खोपकर हवालदार, रिटायर्ड, म्हणाले,
पंचनाम्याला कुणी असं चपला वाजवत येतं का हो?
आमच्या साहेबांनी कानाखाली दिली असती.
किल्लीवाला युसुफ म्हणाला, ते कुलूप त्या किल्लीनं
सात जन्मांत उघडणार नाय, मी लिहून देतो.
चौकातल्या शिवणकामवाल्या इंदुलकरबाईंनी
खून पाहिलाच नव्हता.
जिन्यात तिच्या ब्लाउजला हुक मागे होते, म्हणाल्या,
खोलीत गेली तर पुढे.
कॉलेजच्या पोरांनी दोन-दोन समोशांची पैज लावली.
हरले ते म्हणाले, डायरेक्टरनं चीटिंग केली.
जिंकला तो म्हणाला, फारच सोपा होता, कळत होतं.
आणि एक बाई, नवऱ्याच्या शर्टाची बाही धरून:
आज कचरा खाली तूच टाकून ये.

एका रविवारी सहाचा खेळ सुटला
तेव्हा दारातून एक जण रांगेकडे बघून ओरडला
खुन्याचं नाव.
रांग हसली.
काल दुसऱ्यानं दुसरंच ओरडलं होतं.

तळपदे मात्र दर बुधवारी यायचे, दुपारच्या खेळाला,
बाल्कनीचं तिकीट काढून.
मध्यंतराला एक वडा, चटणी नको,
रुमालानं बोटं पुसून सरळ रस्त्याला लागायचे.
चौथ्या बुधवारी मी विचारलंच,
काका, अर्धे पैसे फुकट घालवता, शेवट नको का?
ते थांबले. स्टेशनकडे बघत म्हणाले,
"आत्ता ती गॅसवर दूध ठेवून दार उघडायला गेलीय."
एवढंच.
सुट्टे परत घ्यायचे विसरले.

शेवटच्या गुरुवारी मॅनेजर म्हणाला,
शेवाळेबाई, आज बसा, हॉल रिकामाच आहे.
कढई मंद करून मी जाऊन बसले, पदर खोचलेलाच.
पावलं ओळखीची. दार ओळखीचं.
त्या गप्प वेळेत मात्र किती काय होतं, देवा:
पंखा फिरतोय, दुधाच्या कडेनं फेस धरतोय,
आणि ती कॅलेंडरवर काहीतरी लिहितेय,
गॅसचा नंबर असेल.

उरलेला पिक्चर पाहिला मी सगळा.
पोलीस आले, पाऊस आला, वकील आला,
तिघांवर संशय आला, गेला,
शेवटी जो निघाला तो निघाला.
माझी नजर सारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे.
खुनानंतर कॅमेरा तिथे दोनदा गेला.
शेगडी स्वच्छ. पातेलं फळीवर, पालथं.

म्हणजे कुणीतरी गॅस बंद केला,
दूध ओतलं, पातेलं घासलं, फळीवर ठेवलं,
आणि पडद्यावरच्या एवढ्या हुशार माणसांनी
त्याला एक प्रश्न नाही विचारला.
की डायरेक्टरच विसरला?
त्याच्या घरी दूध दुसरं कोणी तापवत असेल.

शुक्रवारी नवीन पोस्टर, नाचगाण्याचं.
जुनं सोलताना भिंतीचा थोडा चुना निघाला.
समोरचा पेपरवाला गौरांग, ज्याला तिकीट परवडलंच नाही,
काउंटरला टेकून म्हणाला,
मावशी, आता तरी सांगा, कोण निघतो?

तेल तापलं होतं.
मी विचारलं, तिखट लावू की गोड?